स्टेल्थ विमान रडारवर 'दिसलं' म्हणजे नेमकं काय झालं?

मुळशीकर
१४ जून २०२५ ला ब्रिटिश नौदलाचं एक एफ-३५बी, म्हणजे रडारला सहजी न दिसणारं स्टेल्थ लढाऊ विमान, इंधन कमी पडल्यामुळे तिरुवनंतपुरमला उतरलं आणि नंतर बिघाड निघाल्याने पाच आठवडे तिथेच अडकलं. तेव्हा आपल्या हवाई दलाने सांगितलं की आमच्या हवाई नियंत्रण जाळ्याने हे विमान टिपलं, ओळखलं आणि उतरायला परवानगी दिली. झालं! तेव्हापासून 'भारतीय रडारने एफ-३५ पकडलं, स्टेल्थचा फुगा फुटला' हा फॉरवर्ड थांबायला तयार नाही.

प्रश्न दोन. एक, हा स्टेल्थ पकडल्याचा पुरावा धरायचा का? दोन, सर्बियाने १९९९ मध्ये जुनाट सोव्हिएत रडार वापरून अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं होतं. मग सगळे देश तीच मीटर तरंगलांबीची रडार घेऊन मोकळे का होत नाहीत?

जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. देशभक्तीचे धागे वेगळे आहेत.

कावळेकाका
खुर्ची टाकून बसलोय. चहा सांगा कुणीतरी.

डेसिबल
आधी थोडं गणित, नाहीतर चर्चा भरकटेल.

रडारची लहर जाताना अंतराच्या वर्गाने विरते, परत येताना पुन्हा वर्गाने. म्हणून रडारचा पल्ला लक्ष्याच्या आरसीएसच्या, म्हणजे रडारला ते केवढं 'मोठं' दिसतं त्याच्या, चौथ्या मुळाने बदलतो. समजा एखादं रडार १ चौ. मी. आरसीएसचं विमान २०० किमीवर पकडतं. आरसीएस दहापट घटवा, पल्ला ११२ किमी होतो. शंभरपट घटवा, ६३. हजारपट, ३६. दहा हजारपट, म्हणजे ४० डेसिबल घटवा, तेव्हा कुठे २० किमी.

म्हणजे शून्य कधीच होत नाही. ताशी ९०० किमीने येणाऱ्या विमानाला २०० किमी कापायला तेरा मिनिटं लागतात, २० किमी कापायला ८० सेकंद. मिनिटाला सहा फेऱ्या मारणारं अँटेना असेल तर 'हा खरा प्रतिध्वनी, गोंगाट नाही' एवढं पटायलाच तीन फेऱ्या, म्हणजे ३० सेकंद जातात. मग माहिती क्षेपणास्त्र तुकडीला द्यायची, त्यांच्या रडारने लक्ष्य शोधायचं, क्षेपणास्त्र सोडायचं, ते पोचायला आणखी २०-२५ सेकंद. स्टेल्थचा सगळा धंदा हा वेळ खाण्याचा आहे.

दुसरा परिणाम नकाशावर दिसतो. २०० किमी पल्ल्याची रडार एकमेकांपासून १५० किमीवर ठेवली तर पडदा अखंड असतो. पल्ला २० किमीवर आला की मध्ये शंभर किमीहून रुंद फटी पडतात. स्टेल्थची मोहीम आखणारे या फटींतूनच मार्ग काढतात.

आणि आरसीएस हा एक आकडा नसतो. कोन बदलला, वारंवारता बदलली की तो बदलतो. बातम्यांत येतात ते आकडे बहुतेक समोरून आणि सेंटीमीटर लहरींसाठीचे असतात. बाजूने, मागून, खालून चित्र वेगळं.

चकवा
म्हणजे ट्रान्समीटर दहा हजारपट ताकदीचा लावला की झालं!

डेसिबल
@चकवा, हो. १०० किलोवॅटच्या जागी १ गिगावॅट. शेजारी वीजकेंद्र बांधा.

तरंगिणी
दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण खरी मजा तिथे आहे.

स्टेल्थमध्ये आकाराचं काम मोठं, लेपाचं त्याखालोखाल. आलेली लहर रडारकडे परत न पाठवता भलतीकडे उडवायची. सपाट पृष्ठभागावरून लहर कुठे जाते हे आधीपासून माहीत होतं. कडांवरून ती कशी विखुरते हे हिशोबात बसवलं सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांनी, १९६२ मध्ये. ते काम तिकडे उघडपणे छापलं गेलं, अमेरिकन हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद करवून घेतला आणि लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्यावर संगणक प्रणाली लिहिली. तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभाग झेपत नव्हते, म्हणून एफ-११७ पैलू पाडल्यासारखं दिसतं. बी-२ या नंतरच्या स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाच्या वेळेपर्यंत संगणक सुधारले, म्हणून ते गुळगुळीत.

पण हे सगळं तरंगलांबी विमानाच्या भागांपेक्षा खूप लहान असेल तेव्हाच चालतं. क्षेपणास्त्र सोडणारी रडार साधारण ३ सेंटीमीटरवर काम करतात. त्यांच्या लेखी दोन मीटरची शेपटी म्हणजे एक भलीमोठी भिंत, आणि भिंत तिरकी केली की प्रतिध्वनी दुसरीकडे जातो. आता त्याच शेपटीवर दोन मीटर तरंगलांबीची लहर टाका. संपूर्ण शेपटीत विद्युतप्रवाह डोलायला लागतो, ती स्वतःच अँटेना बनते आणि सगळीकडे लहरी फेकते. पृष्ठभाग किती अंशांनी तिरका केलाय याला फारसा अर्थ उरत नाही.

लेपाचंही तसंच. साधा शोषक थर पाव तरंगलांबी जाड लागतो. ३ सेंमीसाठी साडेसात मिलिमीटर, आणि चांगलं द्रव्य वापरलं तर त्याहून पातळ. २ मीटरसाठी अर्धा मीटर! पंखावर चढवणार कसा?

एक पुरवणी, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. हे सगळं लढाऊ विमानाच्या मापाला लागू आहे. बी-२ चा विस्तार ५२ मीटर आहे आणि त्याला उभी शेपटीच नाही. दोन मीटरच्या लहरीसाठीही ते 'मोठं' आहे, त्यामुळे आकाराची युक्ती तिथेही बरीचशी टिकते. 'व्हीएचएफला (म्हणजे या मीटर तरंगलांबीच्या रडारला) सगळं स्टेल्थ दिसतं' असं सरसकट म्हणू नये.

सोनचाफा
तरंगिणीताई, दंडवत. पहिल्यांदा कळलं की एफ-११७ तसं का दिसतं.

खडूस_म्हातारा
मग प्रश्न सुटला की. शेपटीवाली विमानं दिसतात ना? घ्या व्हीएचएफ, लावा सीमेवर. उगाच गुंतागुंत कशाला?

डेसिबल
काका, दिसतात. पण 'कुठे' दिसतात ते विचारा.

झोताची रुंदी ही तरंगलांबी भागिले अँटेनाची रुंदी अशी साधारण निघते. २ मीटर लहरीचा १ अंशाचा झोत हवा असेल तर अँटेना सुमारे ११५ मीटर रुंद लागेल. ट्रकवर मावेल? तिरुपतीजवळ गादंकीला वातावरणाचा अभ्यास करणारं ५३ मेगाहर्ट्झचं रडार आहे. १०२४ यागी अँटेना (छपरावरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखे), १३० बाय १३० मीटरचं मैदान, आणि एवढं करून झोत सुमारे ३ अंशांचा.

आता सर्बियाचं पी-१८ बघा. आठ-आठच्या दोन रांगांत सोळा यागी, १५०-१७० मेगाहर्ट्झ, आडवा झोत ६ अंशांच्या आसपास. १०० किमीवर तो झोत साडेदहा किमी रुंद होतो. स्पंद, म्हणजे एका वेळी सोडलेला लहरींचा तुकडा, ६ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अंतरात ९०० मीटरचा ठोकळा. उंची? कळतच नाही, त्यासाठी वेगळं उंचीमापक रडार लागतं. झोताचा मध्य काढून दिशेतली चूक कमी करता येते, पण प्रतिध्वनी जितका क्षीण तितका तो अंदाज सैल.

या माहितीवर लढाऊ विमान पाठवता येतं. क्षेपणास्त्र नेमकं आदळवता येत नाही.

याशिवाय या पट्ट्यात एफएम, टीव्ही, पोलिसांचे वायरलेस यांची गर्दी. जमिनीवरून उसळलेली लहर थेट लहरीला छेदते, त्यामुळे खालून उडणाऱ्या विमानासाठी झोतात मोठं आंधळं क्षेत्र राहतं.

बारा_गडगडे
सर्बियाची हकीकत अर्धवट सांगितली जाते म्हणून सविस्तर लिहितो.

२७ मार्च १९९९, रात्री सव्वाआठच्या सुमारास, बेलग्रेडच्या पश्चिमेला बुजानोव्त्सी गावाजवळ. २५० व्या क्षेपणास्त्र ब्रिगेडची तिसरी तुकडी, प्रमुख झोल्तान दानी. हत्यार एस-१२५ नेवा, म्हणजे आपल्या हवाई दलाकडे १९७० च्या दशकापासून असलेल्या पेचोराचंच भावंड.

पी-१८ ने विमान काही दहा किमीवर दाखवलं. पी-१८ चं काम इथेच संपलं. पुढचं काम एसएनआर-१२५ या मार्गदर्शक रडारचं, आणि ते सेंटीमीटर लहरींवर चालतं, म्हणजे ज्याच्याविरुद्ध एफ-११७ बनवलं त्याच पट्ट्यात. तरीही त्याने पकडलं, कारण अंतर १३ किमीच्या आसपास होतं. डेसिबल यांनी वर दिलेलं चौथं मूळ आठवा, इतक्या जवळ स्टेल्थही उघडं पडतं. व्हीएचएफने 'या दिशेला बघ' एवढंच सांगितलं. त्यामुळे अरुंद झोताच्या रडारला अख्खं आकाश चाळावं लागलं नाही.

दानीचा दंडक असा होता की मार्गदर्शक रडार २० सेकंदांहून जास्त चालू ठेवायचं नाही. लक्ष्य मिळो न मिळो, बंद. कारण रडारच्या लहरींवरच झेप घेणारी हार्म क्षेपणास्त्रं टपलेली असायची. डागून झालं की तुकडी जागा बदलायची. पूर्ण युद्धात ती टिकली ती या शिस्तीमुळे.

क्षेपणास्त्राची बाजू कुणी बोलत नाही. एस-१२५ च्या क्षेपणास्त्रात शोधक डोळा नसतोच. जमिनीवरचं रडार लक्ष्य आणि क्षेपणास्त्र दोन्ही बघतं आणि रेडिओवरून 'डावीकडे, वर' असे हुकूम देतं. त्यामुळे नाकातल्या छोट्या रडारला स्टेल्थ दिसत नाही ही आधुनिक अडचण तिथे नव्हतीच. शेवटी फक्त रेडिओ फ्यूजने, म्हणजे लक्ष्य जवळ आल्याचं रेडिओ लहरींवरून ओळखणाऱ्या कळीने, फुटायचं. दोन क्षेपणास्त्रं सोडली होती, पहिलं जवळून न फुटताच निघून गेलं, दुसऱ्याने काम केलं. वैमानिक डेल झेल्को उडी मारून वाचला आणि काही तासांत त्याला उचलून नेलं.

अमेरिकनांची चूक म्हणाल तर मार्ग. रात्रीमागून रात्री त्याच वाटांनी येणं. ७८ दिवसांच्या मोहिमेत पडलेलं एफ-११७ एवढं एकच. त्यामुळे 'जुन्या रडारने स्टेल्थ हरवलं' म्हणण्यापेक्षा दानीने आळशी नियोजन हरवलं, असं माझं मत.

खडूस_म्हातारा
दानीने पी-१८ मध्ये काहीतरी गुप्त बदल केले होते असं वाचलंय. ते गाळलंत तुम्ही.

बारा_गडगडे
बदल केल्याचं तो स्वतः सांगतो, तपशील देत नाही. पण मूळ पी-१८ चा पट्टाच दोन मीटरचा आहे. गुप्त बदल नसते तरी शेपटी डोललीच असती.

सोनचाफा
अवांतर: हा दानी नंतर बेकरी चालवायला लागला ना?

बारा_गडगडे
हो, गावी जाऊन.

चकवा
२० सेकंदांत पाव बाहेर. झाला नाही झाला, भट्टी बंद. आणि रोज दुकानाची जागा वेगळी.

कावळेकाका
चहाबरोबर खायला काय मागवावं हे ठरलं.

दख्खनचा_वारा
सर्बांकडे चेक बनावटीचं 'तमारा' होतं, त्याने स्टेल्थ पकडलं असंही ठासून सांगतात. त्याचं काय?

तरंगिणी
त्या कथेत दम नाही. तमारा स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. विमान जे प्रक्षेपित करतं ते तीन-चार ठिकाणी ऐकतं आणि पोचण्याच्या वेळांमधल्या फरकावरून जागा काढतं. एफ-११७ वर रडारच नव्हतं, आणि शत्रूच्या प्रदेशात शिरताना रेडिओचे अँटेनाही आत ओढून घेतले जायचे. मुक्याचं काय ऐकणार? बोलक्या विमानांवर मात्र ही पद्धत फार प्रभावी आहे.

देखभालीवरही थोडं. एफ-११७ चा पूर्वज 'हॅव ब्लू' १ डिसेंबर १९७७ ला पहिल्यांदा उडालं. त्याच्या एका चाचणीत विमान रडारवर लख्ख दिसायला लागलं. कारण निघालं तीन स्क्रू. नीट आवळले नव्हते, डोकी पृष्ठभागाच्या जेमतेम वर होती. म्हणूनच स्टेल्थच्या प्रत्येक झडपेच्या कडा करवतीसारख्या असतात, फटी लेपाने बुजवतात आणि दुरुस्तीसाठी झाकण उघडलं की तो लेप पुन्हा लावून, सुकवून, तपासावा लागतो. उड्डाणामागे देखभालीचे तास फुगतात ते इथे.

नारायणगावचा_नाना
आमच्याकडे खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. १५० मेगाहर्ट्झवर ऐकतात. त्यावर दिसेल का एफ-३५? अर्धी गंमत, अर्धा खरा प्रश्न.

डेसिबल
नाना, पी-१८ चाच पट्टा आहे खरा! पण जीएमआरटी फक्त ऐकते, आणि १५० मेगाहर्ट्झला तिचा झोत सुमारे ३ अंशांचा, आकाशातल्या एका बिंदूवर खिळलेला. विमान त्यातून सेकंदांत निघून जाईल, आणि विमानावरून उसळलेलं एफएम हा तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना उपद्रवच वाटणार.

पण नकळत तुम्ही खऱ्या विषयावर बोट ठेवलंत: निष्क्रिय रडार. स्वतः काही पाठवायचं नाही, एफएम किंवा टीव्हीच्या मनोऱ्याच्या लहरी विमानावरून उसळतात त्या ऐकायच्या. फायदे तीन. लहर मीटरची, म्हणून शेपटी डोलते. प्रेषक एकीकडे, ग्राहक दुसरीकडे, म्हणून 'भलतीकडे उडवलेली' लहर कदाचित तुमच्याचकडे येते. आणि हार्मने मारायला तुमचं प्रक्षेपणच नाही.

विमान नेमकं मनोरा आणि ग्राहक यांच्या मध्ये आलं तर आणखी मजा. तेव्हा विखुरणं फक्त सावलीच्या क्षेत्रफळावर ठरतं, लेप आणि आकार दोन्ही फुकट. २० चौ. मी. सावली, ३ मीटर लहर: आरसीएस साडेपाचशे चौ. मी.च्या वर जातो. पण त्याच स्थितीत अंतर काढता येत नाही आणि डॉप्लर, म्हणजे वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक, जवळजवळ शून्य होतो. म्हणजे 'काहीतरी गेलं' एवढंच कळतं.

दुसरा_बाजीराव
हे घरी करता येतं का? संगणकाला लावायचं रेडिओ पकडणारं स्वस्त यूएसबी डोंगल वापरून?

तरंगिणी
प्रवासी विमानं दिसू शकतात. कृती थोडक्यात:

दोन चॅनेल लागतात, एकाच घड्याळावर चालणारे. दोन सुटी डोंगल घेतली तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं सरकतं आणि सगळं फुकट जातं. पहिला अँटेना मनोऱ्याकडे, हा संदर्भ. दुसरा आकाशाकडे, आणि त्याची बधिर बाजू मनोऱ्याकडे. मग दुसऱ्या चॅनेलमधून थेट आलेला सिग्नल गणिताने वजा करायचा आणि उरलेल्याची संदर्भाशी तुलना वेगवेगळ्या विलंबांवर आणि डॉप्लरवर करायची. एका वेळी साधारण एक सेकंदाचा तुकडा घ्यायचा. १०० मेगाहर्ट्झला प्रवासी विमानाचा डॉप्लर जास्तीत जास्त दीडशे-पावणेदोनशे हर्ट्झ.

फसतं ते वजाबाकीत. थेट सिग्नल प्रतिध्वनीपेक्षा ८० ते १०० डेसिबलने वरचढ असतो. ८ बिटांचं डोंगल सुमारे ४८ डेसिबल झेलतं. एका सेकंदाच्या बेरजेतून १०० किलोहर्ट्झ पट्ट्याला ५० डेसिबल मिळतात, त्यामुळे काठावर जमतं, तेही मनोऱ्यासमोर इमारत किंवा टेकडी आड घेतली तर.

आणि एफएमचा वापरता येणारा पट्टा कार्यक्रमावर ठरतो. ढणढणीत गाणं असेल तर अंतराची स्पष्टता दीड-दोन किमी. निवेदक गप्प बसला की विमानाचा ठिपका पसरून दिसेनासा होतो. डिजिटल टीव्हीचा पट्टा ७-८ मेगाहर्ट्झचा आणि कायम भरलेला, म्हणून तो कितीतरी सरस.

चकवा
देशाची सुरक्षा आरजेच्या तोंडावर अवलंबून. आता काळजी मिटली.

दख्खनचा_वारा
जर्मनीत २०१८ च्या बर्लिन प्रदर्शनानंतर परतणारी एफ-३५ अशाच निष्क्रिय रडारने दीडशे किमीपर्यंत टिपली, असा कंपनीचा दावा होता. तेव्हा लोक म्हणाले, विमानांवर परावर्तक भिंग लावलेलं होतं, म्हणून काही खरं नाही.

डेसिबल
तो आक्षेप अर्धाच लागू. त्या ल्यूनबर्ग भिंगाचं माप काही सेंटीमीटर. सेंटीमीटर लहरींना ते विमान मोठं करून दाखवतं, ३ मीटरच्या एफएम लहरीला ते भिंग आहे की नाही हे कळतही नाही. खरा आक्षेप दुसरा: विमानांचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपली ओळख रेडिओवरून कळवणारी यंत्रं, चालू होते. कुठे बघायचं हे आधीच माहीत असणं आणि कोऱ्या आकाशात शोधणं यात फरक आहे.

सोनचाफा
आणि ते चीनचं क्वांटम रडार?

डेसिबल
आदर्श परिस्थितीत क्वांटम पद्धतीचा सैद्धांतिक फायदा ६ डेसिबल. चौथं मूळ लावा, पल्ला ४१ टक्के वाढला. तोही फक्त अतिशय क्षीण सिग्नलवर, आणि प्रेषक निरपेक्ष शून्याच्या काही शतांश अंश वर ठेवून. तेवढ्यात साध्या रडारची ताकद चौपट करा, तेच मिळेल.

खडूस_म्हातारा
क्वांटम सोडा. प्रतिध्वनी क्षीण आहे ना? मग जास्त वेळ गोळा करा. हजारो स्पंद एकत्र जोडा. आजकाल संगणक काय कमी आहेत?

तरंगिणी
काका, कल्पना बरोबर आहे आणि थोड्या प्रमाणात करतातही. पण ४० डेसिबल भरून काढायला दहा हजार स्पंद लागतात. सेकंदाला ३०० स्पंद धरले तर ३३ सेकंद एकाच दिशेला टक लावून बसावं लागेल. तेवढ्यात विमान आठ किमी सरकलं. १५० मीटरच्या पन्नासहून जास्त ठोकळ्यांतून गेलं, वळलंही असेल. संगणकाला प्रत्येक संभाव्य मार्ग गृहीत धरून बेरीज करावी लागते, आणि जितके मार्ग जास्त तितके खोटे इशारे जास्त. फिरतं अँटेना हे करूच शकत नाही, इलेक्ट्रॉनिक झोताचं रडार करतं, पण १५-२० डेसिबल मिळाले तरी खूप झालं.

मुळशीकर
धागाकर्ता म्हणून आठवण करून देतो: तिरुवनंतपुरम!

बारा_गडगडे
तो पुरावा नाही. संकटात उतरायला येणारं विमान ट्रान्सपॉन्डर चालू ठेवतं आणि रेडिओवर बोलतं. दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, विमान १०९० वर स्वतःहून उत्तर देतं. यात प्रतिध्वनीचा संबंधच नाही, त्यामुळे आरसीएसचाही नाही. शांततेच्या काळात स्टेल्थ विमानं बहुधा परावर्तकही लावून उडतात, नागरी वाहतुकीला दिसावं आणि खरा आरसीएस कुणाला मोजता येऊ नये म्हणून. हवाई दलाच्या निवेदनात 'स्टेल्थ भेदलं' असं नव्हतंच. ते व्हॉट्सॲपने जोडलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: देश व्हीएचएफ घेतच आहेत. रशियाच्या नेबो-एम मध्ये मीटर, डेसिमीटर आणि सेंटीमीटर अशी तीन रडार वेगवेगळ्या ट्रकवर आणि एक नियंत्रण केबिन असते. मीटरवालं इशारा देतं, बाकीची दोन त्या दिशेला अरुंद झोत रोखतात. आपल्याकडेही २०२५ मध्ये 'सूर्या' हे देशी व्हीएचएफ रडार हवाई दलात येऊ लागल्याच्या बातम्या होत्या. पण साखळीची शेवटची कडी म्हणजे क्षेपणास्त्राच्या नाकातला शोधक. त्याचा अँटेना वीतभर, ताकद बेताची, लहर सेंटीमीटरची. त्याला स्टेल्थ दिसायला जमिनीवरच्या जाळ्याने क्षेपणास्त्र काही किमीच्या आत नेऊन सोडावं लागतं, आणि तिथे व्हीएचएफची ढोबळ जागा अपुरी पडते.

खडूस_म्हातारा
मग उष्णता बघणारी यंत्रणा लावा. इंजिन काय थंड ठेवतात का?

डेसिबल
लावतातच, सुखोई-३० आणि राफेल दोन्हींवर आहे. कोन उत्तम मिळतो, अंतर थेट मिळत नाही. दोन विमानांनी एकाच वेळी बघून त्रिकोण करायचा किंवा लेझर मारायचा. आणि ढग मध्ये आला की संपलं. जुलैत कोकण किनाऱ्यावर त्याच्या भरवशावर बसू नका.

दुसरा_बाजीराव
तरंगिणीताई, एका घड्याळावरचे पाच चॅनेल देणारा क्रॅकेनएसडीआर चालेल का? त्यांचं निष्क्रिय रडारचं सॉफ्टवेअर सापडत नाहीये.

तरंगिणी
चालेल. सॉफ्टवेअर त्यांनी २०२२ मध्ये अमेरिकन शस्त्रनिर्यात नियमांच्या धास्तीने काढून टाकलं. तुलनेचं गणित पायथनमध्ये स्वतः लिहावं लागेल, अवघड नाही. सगळ्या चॅनेलच्या केबल सारख्या लांबीच्या घ्या आणि वेगळा धागा काढा, तिथे सांगते.